आईचा खानभाऊ

सोलापुरात लोकरीचा कोट घालणारा माणूस एक तर कलेक्टर असायचा, नाही तर आमचे आबा. कलेक्टरसाहेबाला पंखा ओढायला शिपाई होता, आबांना मी होते. रविवारी दाढी करून, कोट चढवून ते पेठेतून एक चक्कर मारून यायचे. परत आले की घामानं कोटाच्या पाठीवर नकाशे उमटलेले असायचे. मग बाजेवर पडून म्हणायचे, "पोरी, जरा वारा घाल की." मी सुपानं वारा घालायची. आई चुलीपुढून, माझ्याकडं न बघता, त्या सुपालाच विचारायची की ज्या कोटाला वारा घालावा लागतो तो कोट माणसानं घ्यावाच कशाला.

घेतला कशाला, ते सगळ्या चाळीला ठाऊक होतं. कोट उधारीचा होता आणि उधारी खानाची होती.

आमच्या चाळीत हा काबुली पठाण, खान, वर्षातून दोन तऱ्हांनी यायचा. थंडीत पाठीवर गाठोडं घेऊन यायचा आणि बाकीच्या दिवसांत हातात काठी घेऊन. गाठोडेवाला खान सगळ्यांना आवडायचा. तो ओट्यावर बसून गाठोडं सोडायचा, त्यातून शाली निघायच्या, लोकरीचं कापड निघायचं, हिंगाच्या पिशव्या, बदाम, सुके अंजीर निघायचे. त्याचा आवाज तेव्हा अगदी मऊ असायचा. कुणी म्हणालं, खानसाहेब, पैसे नाहीत, तर तो दुखावल्यासारखा हात हलवायचा. पैसा कौन माँगता है, अगला मौसम में देना. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून कानठळ्या बसलेल्या माणसाशी इतकं गोड दुसरं कुणी बोलत नव्हतं. आबा विरघळले. सोलापूरची थंडी संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपुरती येते आणि जत्रेबरोबरच उठून जाते, हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण कापड हातात घेतल्यावर माणसाला हवापाणी आठवत नाही.

काठीवाला खान मात्र वेगळा. माणूस तोच, पगडी तीच, पण पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर ते चार-पाच जण उभे राहिले की आत भोंगा झाल्यावरसुद्धा लोकांना कामाची गोडी लागायची. कुणी मागच्या भिंतीवरून उतरायचं, कुणी दुसऱ्याची टोपी घालायचं. आम्हा पोरांना त्यांची भीती वेगळ्या कारणानं होती. खान न जेवणाऱ्या पोरांना झोळीत घालून नेतो, हे आयांनी सांगितलेलं. नेऊन काय करतो, ते आम्ही आपापसांत ठरवलं होतं. हिंग करतो. त्याशिवाय हिंगाला तसला वास कशाला येईल? मी बरेच दिवस आमटीतला हिंग ताटाच्या कडेला काढून ठेवायची. न जाणो, ओळखीचं कुणी निघायचं.

आता इथं जबलपुरात माझी नातवंडं असल्या भीतीला हसतात. मला मात्र अजूनही दारात काठी वाजली की आधी दुधावर झाकण घालावंसं वाटतं. त्याचं कारण आमची शेळी.

माझा भाऊ जन्मला तो मुठीएवढा. आईच्या अंगावर दूध नव्हतं, आणि असतं तरी तिला गिरणीत रिळावर सूत भरायला जावं लागायचं. सांगोल्याकडच्या तिच्या माहेरी मेंढरं-शेळ्या होत्या. तिकडून आजोबा एक काळी शेळी चालवत घेऊन आले आणि आईच्या हातात दावं देऊन म्हणाले, पोर हिच्यावर वाढंल. पोर वाढू लागलं. शेळीला चरायला नेणं आणि भावाला वाटीनं दूध पाजणं ही दोन कामं माझ्या वाट्याला आली, म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली. त्याचं मला तेव्हा काही वाईट वाटलं नाही. शाळेत गुरुजी छडी मारायचे, शेळी फार तर ढुशी मारायची. आणि लिहिता-वाचता येण्यापुरती अक्षरं गुरुजींनी तोवर घोटून घेतली होती. देव त्यांचं भलं करो, त्याच अक्षरांवर हे लिहिते आहे.

तर खान वसुलीला यायचा. आमच्या शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. तिथली अक्का दिवसभर मागावर बसायची. तिचा खटखट आवाज थांबला की समजायचं, खान आला. ऐकायला अडथळा नको म्हणून ती माग थांबवायची. आबा तोवर शिडीनं माळ्यावर जाऊन गोधडीखाली आडवे झालेले असायचे. आई दाराआडून सांगायची, घरात नाहीत. आणि मग खान त्याच्या मुलखाची एक रीत पाळायचा. घरात बाईमाणूस एकटं आहे म्हटल्यावर तो उंबऱ्याकडं पाठ करायचा, रस्त्याकडं तोंड करून ओट्यावर बसायचा आणि काठी दगडावर आपटत बोलायचा. आईकडं तो कधी चुकूनही वळून बघायचा नाही. ही त्याची सभ्यता होती, पण तिचा परिणाम असा व्हायचा की आमचं देणं आम्हाला पाठमोरं आणि सगळ्या गल्लीला समोरासमोर ऐकू जायचं.

"बाई, तुम्हारा आदमी किधर गया?" तो रस्त्याला विचारायचा.

"गावाला गेलंत," आई त्याच्या पाठीला सांगायची.

"कोट पहन के गया?"

यावर गल्ली हसायची. माळ्यावर गोधडी हलायची.

एकदा असाच तो बसला होता. त्याच्या पगडीचा शेमला पाठीवर लोंबत होता, चांगला हातभर, आणि वर्षानुवर्षं हिंगाच्या सोबतीनं राहिल्यामुळं त्याला चव आली असावी. शेळी ओट्याच्या खांबाला बांधलेली होती. तिनं आधी शेमला हुंगला, मग ओठांत धरला. आम्ही पोरं ओट्याखाली दबून बसलो होतो. कुणी हूं का चूं केलं नाही. मी तर श्वाससुद्धा रोखला, शेळीला विचलित करायला नको म्हणून. खान पैशाचं आणि इमानाचं काहीतरी बोलत होता आणि मागं त्याची पगडी वेढ्यावेढ्यानं शेळीच्या तोंडात जात होती. शेवटी डोकं हलकं लागलं तेव्हा तो वळला.

आता काठी पडणार, असं आम्हाला वाटलं. पण शेळी दिसल्याबरोबर खानाचा चेहराच बदलला. त्यानं पगडी सोडवून घेतली, शेळीचा ओठ उचलून दात पाहिले, कासेखालून हात फिरवला, पाठीच्या कण्यावर अंगठा दाबला. आमचे आजोबा बाजारात करायचे अगदी तसंच. मग पुन्हा पाठ करून बसला आणि रस्त्याला म्हणाला, "बकरी अच्छा है. हम बकरी ले जाएगा. हिसाब साफ."

आई काही बोलायच्या आत माळ्यावरून आवाज आला, "न्या की खानसाहेब!"

मग अक्काच्या घरातून कुणीतरी फुटल्यासारखं हसलं. आबा माळ्याच्या कडेवरून अर्धे बाहेर आले होते, डोक्याला जळमटं, आणि सौदा जुळल्याच्या आनंदात आपण गावाला गेलो आहोत हे विसरले होते.

खान त्यांच्यावर ओरडलाही नाही. गावाला गेलेला माणूस छतातून परत आला म्हणून त्यानं फक्त खुशाली विचारली. आई मात्र उंबऱ्यात आली आणि पदर खोचून म्हणाली की शेळी तिच्या माहेरची आहे, पोराच्या तोंडचं दूध आहे, ती कोटात जाणार नाही. खानानं ऐकून घेतलं. पाठमोराच म्हणाला, ठीक आहे, दिवाळीपर्यंत पैसा द्या, नाही तर आपण दोर घेऊन येऊ.

दोर घेऊन येऊ, हे त्यानं बोललेलं ऐकून आईनं शेळीला जवळ ओढलं. कारण ते पक्क्या गिऱ्हाइकाचं बोलणं होतं. आमच्याकडं जनावर विकतात पण दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणून घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं आणि विकणाऱ्यानं आपलं सोडून घरी न्यायचं. खानाच्या मुलखातही तीच रीत असावी, नाही तर त्याला काय ठाऊक?

दिवाळीपर्यंत आबांनी पैसे जमवायचे तीन-चार बेत सांगितले. त्यातला कुठलाच कोट विकण्याचा नव्हता. मी रोज शेळीला तळ्याकाठी न्यायची आणि जिथं गवत बरं तिथं जास्त वेळ थांबायची. तिला सांगायची, खाऊन घे बाई. भाऊ आता मांडीवर उभा राहून माझे केस ओढण्याइतका झाला होता. शेळी गेली तर याचं काय, हा विचार मला रात्री झोपू देत नसे. मी तेव्हापासूनच काळजी करणारी. आबा मात्र दिवाळीत उटणं लावून न्हाले आणि कोट घालून सगळ्यांच्या घरी फराळाला जाऊन आले.

भाऊबीज आली. आईला भाऊ नव्हता, सगळ्या बहिणीच. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. दर वर्षी आई दिवस बुडाला की ताट घेऊन ओट्यावर यायची आणि मावळतीला चंद्राची कोर दिसली की तिला ओवाळायची. कोर तिच्या ताटात काही घालायची नाही, पण मागायलाही यायची नाही, असं अक्का म्हणायची. त्या वर्षी आई ताट घेऊन बाहेर आली, आणि चंद्राची कोर दिसायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी खान उगवला. हातात कोरा दोर.

आबा माळ्याकडं धावले. अक्काचा माग थांबला.

खान शेळीजवळ आला, थांबला, रिवाजाप्रमाणं आमच्याकडं पाठ केली आणि दोराला गाठ मारू लागला. आई ताट हातात घेऊन तशीच उभी. तिनं एकदा मावळतीकडं पाहिलं, एकदा खानाच्या पाठीकडं. मग मला म्हणाली, "पाट आण." मला वाटलं, तिला चक्कर येते आहे. मी पाट आणून टाकला. तेव्हा ती खानाला म्हणाली, "बसा भाऊ. आज भाऊबीज हाय."

खानाला भाऊ एवढंच समजलं आणि त्यानं गोंधळून अक्काच्या दाराकडं पाहिलं. अक्का तोवर बाहेर आली होती. तिला बाजारात सूत घेता घेता दखनी हिंदी चांगली यायला लागली होती.

"खानभाई," अक्का म्हणाली, "ये दिया भाई के वास्ते है. ये तुमको भाई बोली. अब बैठना, और थाली में कुछ डालना."

"बहन बोला?" खानानं विचारलं.

"बोली."

तो पाटावर बसला. त्या पाटावर तो एवढा मोठा दिसत होता की पाट दिसेनासा झाला. आईनं कुंकू लावलं नाही, त्याला चालेल न चालेल म्हणून. दिवा तेवढा तीनदा ओवाळला आणि पगडीवर अक्षता टाकल्या. खान मान खाली घालून बसला होता. मग त्यानं खिसे चाचपले. एका खिशातून हिंगाचा खडा निघाला, तो परत ठेवला. दुसरा खिसा रिकामा. गल्ली बघत होती. आई ताट धरून उभी होती. शेवटी त्यानं हातातल्या दोराकडं पाहिलं, त्याची गुंडाळी केली आणि ताटात ठेवली.

नुसता दोर नव्हे, घेणाऱ्याचं दावं. शेळी नेणार नाही, हे यापेक्षा स्वच्छ सांगता आलं नसतं. आईनं दिवा खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. पुढं तोच दोर तिनं शेळीचं दावं म्हणून वापरला. आम्हा पोरांना हिंगाचा खडा ताटात पडला नाही याचंच बरं वाटलं.

आबा माळ्यावरून उतरले ते हसत हसत, हात पुढं करून. आता मेहुणे झालो, म्हणाले, आता कसला हिसाब. खान उठून उभा राहिला. त्यानं आबांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"बहन का बात बहन के साथ," तो म्हणाला. "कोट का हिसाब तुम्हारे साथ."

आबांचे खरे हाल त्या दिवसापासून सुरू झाले. पूर्वीचा खान पाठ करून बसायचा, आता भाऊ म्हणून तोंड करून बसू लागला. पूर्वी आई म्हणायची, घरात नाहीत. आता खानानं विचारलं की ती बोट वर करायची. बहिणीनं भावाशी खोटं कसं बोलावं? येताना तो आईला बदाम आणायचा, माझ्या भावाला मांडीवर घेऊन दाढी ओढू द्यायचा, मग आबांना हाक मारायचा. पगार झाला का, कुठं गेला, बहिणीच्या अंगावर लुगडं जुनं का, भाकरीबरोबर कालवण काय होतं, सगळी चौकशी. तीही काठी मांडीवर आडवी ठेवून. ताडीच्या दुकानाच्या वाटेवर तो दोनदा आबांना भेटला. तिसऱ्यांदा आबांनी वाट बदलली, आणि त्या वाटेवर ताडीचं दुकान नव्हतं.

ही बातमी पसरल्यावर चाळीतल्या इतर बायकांनाही भाऊ नसल्याचं एकाएकी जाणवू लागलं. ज्यांना भाऊ होते त्यासुद्धा म्हणू लागल्या, एकानं काय होतंय. पण नवरे आडवे आले. कर्ज परवडलं, म्हणाले, मेहुणा परवडणार नाही.

आबांनी ठरवलं, काही करून हे देणं फेडायचं. आणि एक दिवस त्यांनी फेडलं.

मंगळवार होता, बाजाराचा दिवस. आबांची रात्रपाळी होती म्हणून दिवसा ते घरी होते. मी भावाला झोपवत होते. आबा म्हणाले, आज शेळीला मी फिरवून आणतो. असं ते कधी म्हणाले नव्हते, आणि एवढ्या उन्हात कोट घालून तर कुणीच शेळी चारायला जात नाही. पण आबा कोट घालूनच कुठंही जायचे, म्हणून मला त्यात विशेष वाटलं नाही. संध्याकाळी ते एकटेच परत आले. चेहरा लांब. शेळी तळ्याकाठी हरवली, म्हणाले. मी जरा डोळा मिटला नि बघतो तर न्हाय. सगळीकडं हुडकलं.

मी तशीच पळत तळ्यावर गेले. झुडपाझुडपांत हाका मारल्या. काठावरची सगळी पोरं माझ्याबरोबर हिंडली. काळी शेळी कुठंच नव्हती. परत आले तेव्हा भाऊ भुकेनं रडून निळा पडत होता, आई नुकतीच गिरणीतून येऊन त्याला भाताची पेज पाजायला बघत होती, तो ती थुंकत होता. आबा कोपऱ्यात बसून नशिबाला दोष देत होते. आणि दारात खान उभा होता, हातात बदामाचा मोठा पुडा, चेहऱ्यावर हसू.

त्याला वाटलं होतं, घरात आनंद असेल. कारण दुपारीच आबांनी त्याला चौकात गाठून कोटाचे सगळे पैसे रोख दिले होते. आता काही देणं नाही, घेणं नाही, म्हणून तो पहिल्यांदाच नुसता भाऊ म्हणून आला होता. तो हे सांगू लागला तसे आबा उठून त्याला खुणा करू लागले. आईनं एकदा खानाकडं पाहिलं, मग आबांकडं. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, पण शेळी हरवली हेही खोटं कशावरून?

तेवढ्यात आबांनी घाम पुसायला कोटाच्या खिशात हात घातला, रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर दावं बाहेर आलं. भाऊबीजेचं तेच दावं, नीट गुंडाळलेलं.

दावं जमिनीवर पडलं होतं. शेळी चोरीला गेली असती तर दाव्यासकट गेली असती. हरवली असती तरी दावं तिच्या गळ्यात असतं. दावं सोडून, गुंडाळून घरी आणतो तो फक्त विकणारा. आबांनी सगळं कपट नीट रचलं होतं, पण गिऱ्हाइकाला शेळी देताना हात आपोआप गळ्याशी गेला होता. घरची लक्ष्मी जाऊ द्यायची नाही, ही शिकवण त्यांच्या बापाची होती, ती त्यांनी पाळली.

"आवं," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "शेळी हरवली, मग दावं कसं वाट काढत घरी आलं?"

आबा दाव्याकडं असे बघत होते, जणू त्यानंच दगा दिला. खानाला आधी उमगेना. मग त्यानं रिकामा खांब पाहिला, रडणारं पोर पाहिलं, आणि कमरेच्या थैलीला हात लावला. दुपारी मिळालेले पैसे तिथंच होते. त्याचं तोंड असं झालं, जसं काही कुणी त्याला न सांगता काही भलतंच खाऊ घातलंय.

त्यानं पुडा खाली ठेवला, आबांचं मनगट धरलं आणि चालू लागला. मी दावं उचललं आणि मागं पळाले.

बाजार उठत आला होता. ज्या व्यापाऱ्यानं शेळी घेतली तो उरलेल्या जनावरांबरोबर तिला टेंभुर्णीकडं जाणाऱ्या गाडीत चढवायच्या तयारीत होता. आबा त्याला म्हणाले की सौदा चुकून झाला. व्यापारी म्हणाला, चुकून झालेला सौदा परत करायला जास्त पडतं. आबा घासाघीस करू लागले, आपल्याच शेळीला खोडी सांगू लागले. दात गेलेत, लाथ मारती. व्यापारी म्हणाला, दुपारी तर तुम्ही गाईसारखी गरीब सांगत होता. तेव्हा खान त्याच्यासमोर, गाडीच्या बैलांच्या पुढ्यात, जमिनीवर बसला. काठी आडवी ठेवली. आमच्या ओट्यावर बसायचा तसाच. हे बसणं काय असतं ते आम्हाला माहीत होतं. व्यापाऱ्याला माहीत नव्हतं, पण थोड्या वेळात त्याला कळलं. बैल थांबले, मागच्या गाड्या थांबल्या, माणसं गोळा झाली. शेवटी आबांना दिले होते तेवढ्याच पैशांवर तो आला. खानानं थैलीतले पैसे जसेच्या तसे काढून त्याच्या हातावर ठेवले. व्यापाऱ्यानं आपला दोर सोडून घेतला, मी माझ्या हातातलं दावं बांधलं.

शेळी दिवसभराच्या दगदगीनं बसकण मारून बसली. उठेना. खानानं आबांकडं नुसतं पाहिलं. आबांनी तिला खांद्यावर घेतली. चारी पाय छातीवर धरून, लोकरीच्या कोटात, घामानं निथळत ते सगळ्या पेठेतून चालत आले. ओळखीचे लोक विचारत होते आणि खान मागून उत्तरं देत होता. वाटेत शेळीनं कोटाची कॉलर तोंडात घेतली. आबांनी ती सोडवायला हात वर केला की पाय सुटायचे, म्हणून त्यांनी तशीच चघळू दिली.

घरी आल्याबरोबर आईनं वाटी घेतली आणि शेळीखाली बसली. भाऊ पहिल्या घोटाला गप्प झाला. दुसऱ्या वाटीला त्यानं तिचं बोटही चोखून घेतलं. त्याच्यानंतर आम्ही सगळे श्वास घ्यायला लागलो.

मग आबांचं डोकं चालू लागलं. कॉलर झटकत ते म्हणाले, पैसे मी खानाला दिलेत, ते खानानं घेतलेत. पुढं त्यांनी त्या पैशांचं काय केलं ते त्यांचं ते जाणोत. म्हणजे माझं देणं फिटलं. आणि शेळीही घरात हाय. सगळी चाळ जमली होती. निम्मी चाळ म्हणाली, खरं आहे, आबा बरोबर. निम्मी म्हणाली, बायकोची शेळी विकून फेडलेलं ते कसलं फेडणं. अक्कानं खानाला विचारलं, हिसाबाचं काय?

"हिसाब साफ," खान म्हणाला.

आबांनी मोठ्यानं श्वास सोडला आणि जिंकल्यासारखं सगळ्यांकडं पाहिलं.

"मगर बकरी हमने खरीदा," खान पुढं म्हणाला. "बकरी हमारा. हमारा बकरी हमारा बहन के पास रहेगा. तुम इसको हाथ लगाएगा, तो नया हिसाब."

आबांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. आपण काय गमावलं ते त्यांना त्या क्षणी पुरतं कळलं नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. रात्रपाळीहून येऊन ते चुलीपुढं बसले आणि आईपुढं कप सरकवून म्हणाले, जरा दूध घाल की चहात. आई शेळीची धार काढून नुकतीच आत आली होती. तिनं वाटी पोराकडं नेता नेता थांबून आबांकडं पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "भावाला विचारून सांगते."